चिकटलेला भाग आणि मोकळा भाग

पावसाळ्यात वैनगंगेचे पाणी भांड्यात भरून ठेवले, तर वाळू लगेच तळाला जाते आणि जाडसर गाळ थोड्या वेळाने बसतो. पाण्याला मातकट रंग देणारी चिकणमाती मात्र तरंगतच राहते. तिचा दोन मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा कण फूटभर खाली उतरायला जवळपास एक दिवस घेतो. कण याहून दहापट लहान असेल, तर हिशेबाने शंभरपट वेळ लागतो, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त. शिवाय एवढ्या बारीक कणाला पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे ढकलत असतात, त्यामुळे तो प्रत्यक्षात बसतच नाही. त्यातून मातीच्या कणांवर बहुतांशी ऋण विद्युतभार असतो. दोन कण जवळ आले की एकमेकांना दूर सारतात आणि एकत्र येऊन जड होण्याचा मार्गही बंद होतो.

या अडचणीवरचा एक जुना उपाय मध्य भारताच्या पानझडी जंगलात उगवतो. निवळी किंवा निर्मळी नावाचे हे झाड वनस्पतिशास्त्रात स्ट्रिक्नॉस पोटॅटोरम म्हणून ओळखले जाते. संस्कृत ग्रंथांत त्याला कतक म्हटले आहे. माठाच्या आतल्या बाजूला किंवा खरबरीत दगडावर निवळीची बी घासायची, तो लगदा गढूळ पाण्यात ढवळायचा आणि पाणी स्थिर ठेवायचे. मातीच्या गुठळ्या होऊन तळाला बसतात. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्यासाठी सात वस्तू सांगितल्या आहेत, त्यांत कतक आहे. मनुस्मृतीत याच झाडाचा दाखला आचरणाच्या संदर्भात येतो: कतकाचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. बी घासावीच लागते. घासल्यावर पाण्यात नेमके काय उतरते, ते मातीच्या कणाला का चिकटते आणि चिकटल्यावर कण एकमेकांना का धरतात, हे या पुस्तकाचे प्रश्न आहेत.

पाण्यात उतरतात त्या शर्करांच्या लांब साखळ्या. निवळीच्या बीमध्ये गॅलॅक्टोमॅनन आणि गॅलॅक्टन या बहुशर्करा असतात. एकसारख्या लहान घटकांच्या शेकडो, हजारो कड्या जोडून तयार झालेल्या अशा रेणूला आपण पॉलिमर किंवा बहुवारिक म्हणतो. आज हे शाळेच्या पुस्तकात असले, तरी शंभर वर्षांपूर्वी ते मान्य नव्हते. रबर, स्टार्च, सेल्युलोज हे लहान रेणूंचे सैल समूह आहेत, असे बहुतेक रसायनतज्ज्ञ मानत. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये हे खऱ्या रासायनिक बंधांनी जोडलेले महारेणू आहेत असे मांडले आणि पुढे वर्षानुवर्षे विरोध सोसला. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या माणसाला पॉलिमर शोधायला दूर जावे लागत नाही. बांबूतला सेल्युलोज, बांधीतल्या धानाच्या दाण्यातला स्टार्च, धावड्याच्या आणि कुलूच्या खोडावर गोठलेला डिंक, ऐनावर वाढलेल्या कोशातला रेशीमधागा ही सगळी पॉलिमरची रूपे आहेत. त्यांच्या जोडीला कागद गिरणीत, कोळसा धुण्याच्या कारखान्यात आणि जलशुद्धीकरण केंद्रात कृत्रिम पॉलिमर येतात, विशेषतः पॉलिअॅक्रिलमाइड. या सगळ्यांचा उपयोग पुष्कळदा एकाच क्रियेवर उभा असतो: पाण्यात विरघळलेली साखळी एखाद्या घन पृष्ठभागावर येऊन थांबते. हिलाच अधिशोषण म्हणतात. साखळी घनाच्या आत शिरत नाही. सारा व्यवहार पृष्ठभागावर आणि त्याच्या अगदी लगतच्या पाण्यात होतो.

या पुस्तकाला सांगायची मुख्य गोष्ट एका वाक्यात मावते. पृष्ठभागावर बसलेली साखळी काही भागाने चिकटते आणि काही भागाने मोकळी राहते; चिकटलेला भाग तिला जागेवर धरतो आणि मोकळा भाग पुढे काय घडणार ते ठरवतो. पुढची सगळी प्रकरणे या वाक्याचा विस्तार आहेत.

पकड कुठून येते

आधी चिकटलेल्या भागाकडे पाहू. रेणूंच्या जगात ऊर्जा मोजायला एक सोयीचे माप आहे: त्या तापमानाला रेणूंच्या धडपडीत सहज उपलब्ध असणारी उष्णता. पदार्थविज्ञानात हे माप केटी या अक्षरांनी दाखवतात. एखाद्या लहान रेणूचे पृष्ठभागाशी असलेले आकर्षण अर्ध्या केटीचे असेल, तर तो आत्ता बसेल आणि दुसऱ्या क्षणी उठून जाईल. त्याला धरून ठेवण्याइतकी ही ओढ नसते.

आता तशाच हजार कड्या एका साखळीत ओवलेल्या आहेत आणि त्या साऱ्या पृष्ठभागाला टेकल्या आहेत असे समजा. प्रत्येक संपर्क तितकाच दुबळा आहे, पण एकूण ऊर्जा पाचशे केटी झाली. साखळीला निघून जायचे असेल, तर हे सगळे संपर्क एकाच वेळी सुटले पाहिजेत. ठोकळ हिशेबाने ती शक्यता एकावर दोनशेहून अधिक शून्ये दिल्यावर जो आकडा होईल, तितक्या वेळांत एकदा. प्रत्येक कडी सुटते, पुन्हा चिकटते, शेजारची सुटते. साखळी म्हणून मात्र ती जागा सोडत नाही. म्हणूनच नुसत्या पाण्याने धुऊन अधिशोषित पॉलिमर सहसा निघत नाही. पकडीचे बळ संपर्कांच्या संख्येत आहे.

तरीही प्रत्येक साखळी प्रत्येक पृष्ठभागावर बसत नाही, कारण बसण्याची किंमत मोजावी लागते. मोकळ्या द्रावणात लवचीक साखळी अगणित आकार घेऊ शकते. भिंतीजवळ आली की त्यातले पुष्कळ आकार अशक्य होतात, कारण भिंतीपलीकडे जाता येत नाही. आकारांचे हे स्वातंत्र्य गमावणे म्हणजे एन्ट्रॉपी कमी होणे आणि निसर्ग त्याची भरपाई मागतो. त्यातच कडीला टेकण्यासाठी आधी तिथला पाण्याचा रेणू बाजूला सारावा लागतो. म्हणून मोजायचे आकर्षण हे कडी आणि पाणी यांच्यातल्या फरकाचे असते. हा फरक केटीच्या काही दशांशांपेक्षा कमी असला, तर लांब साखळी अजिबात बसत नाही. ती मर्यादा थोडीशी ओलांडली की जवळपास सगळ्या साखळ्या बसतात. असा उंबरठा लहान रेणूंच्या अधिशोषणात दिसत नाही. पाण्यातील क्षार, आम्लता किंवा द्रावक थोडा बदलून चिकटलेले पॉलिमर सोडवता येते, तेही या उंबरठ्यामुळेच.

निवळीचे उदाहरण इथे जास्त रोचक होते. तिच्या अर्कातल्या साखळ्यांवर ऋण भार असल्याचे प्रयोगांतून दिसले आहे आणि मातीच्या कणांवरही ऋण भारच असतो. समान भार असूनही त्या एकत्र कशा येतात? भार हा हिशेबातला फक्त एक आकडा आहे. साखळीवरचे हायड्रॉक्सिल गट मातीच्या पृष्ठभागाशी हायड्रोजन बंध करू शकतात आणि पाण्यातले कॅल्शियमसारखे दोन धन भारांचे आयन एका बाजूने माती व दुसऱ्या बाजूने साखळी धरू शकतात. आपल्या भागातल्या जड पाण्यात असे आयन भरपूर असतात. प्रत्येक संपर्क लहान असतो, पण संपर्क पुष्कळ असतात. वर केलेला हिशेब इथे पुन्हा लागू पडतो.

रांगा, कमानी, शेपट्या

आता मोकळा भाग. खडकावर चढलेला रानवेल पाहिला तर तो काही अंतर दगडाला चिकटून जातो, मग कमान करून सुटतो, पुन्हा टेकतो आणि त्याचे टोक हवेत हलत राहते. पृष्ठभागावरची साखळीही साधारण अशीच असते. सलग टेकलेल्या कड्यांच्या रांगा, दोन रांगांमधल्या कमानी आणि दोन्ही टोकांच्या शेपट्या, असे तिचे तीन भाग पडतात. १९५१ मध्ये येंकेल आणि रुम्बाख या जर्मन संशोधकांनी घन पृष्ठभागांवर किती पॉलिमर बसते ते मोजले. साखळ्या सपाट पसरल्या असत्या तर जितके मावले असते, त्याहून ते बरेच जास्त भरले. म्हणजे साखळ्यांचा मोठा भाग द्रावणात उभा असला पाहिजे. श्टाउडिंगरना नोबेल मिळाले त्याच १९५३ साली रॉबर्ट सिम्हा, हॅरी फ्रिश आणि फ्रेडरिक आयरिख यांनी लवचीक महारेणूंच्या अधिशोषणाचा संख्याशास्त्रीय सिद्धान्त मांडला. १९७९ आणि १९८० मध्ये नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन इथल्या यान स्खुट्येन्स आणि गेरार्ड फ्लेर यांनी थरामागून थर असा हिशेब करण्याची पद्धत दिली. रांगांत किती कड्या, कमानींत किती, शेपट्यांत किती, हे तिच्यातून काढता येते. शेपट्या मोजक्या असल्या तरी थराची जाडी मुख्यतः त्याच ठरवतात, हे या गणिताने दाखवले.

त्यानंतर लगेच फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ प्येर-जिल द जेन यांनी हा थर कसा विरळ होत जातो याचे साधे नियम मांडले. भिंतीलगत दाट आणि बाहेर जाल तसा विरळ, असा हा थर असतो आणि त्याची रचना वेगवेगळ्या अंतरांवर स्वतःसारखीच दिसते. १९९१ चे नोबेल मिळाल्यावर द जेन फ्रान्समधल्या शाळाशाळांतून विद्यार्थ्यांशी बोलत फिरले. त्या भाषणांत ते शाईचे उदाहरण घेत: काजळी पाण्यात घोटली तर थोड्या वेळाने तिचे गोळे होऊन ती तळाला बसते, तिच्यात डिंक मिसळला की शाई टिकते. आपल्याकडेही काजळी आणि डिंक घोटून शाई करण्याची पद्धत होती. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला मुलांपुढे ठेवायला हाच दाखला योग्य वाटला, याचे कारण त्यात सगळा विषय येतो. डिंकाची साखळी काजळीच्या कणाला धरते, तिचा उरलेला भाग पाण्यात पसरतो, आणि दोन कण जवळ आले की त्यांच्या भोवतीचे हे पसरलेले भाग एकमेकांत घुसायला नकार देतात.

गोळा करणे आणि वेगळे ठेवणे

निवळीच्या साखळ्या कणांना एकत्र आणतात आणि डिंकाच्या साखळ्या त्यांना वेगळे ठेवतात. दोन्ही बहुशर्करा आहेत आणि दोन्ही पृष्ठभागाला चिकटतात. या विषयातला सर्वांत उपयोगी धडा या विरोधात आहे.

कणावर जागा रिकामी असेल, तर एका कणावर बसलेल्या साखळीची मोकळी कमान किंवा शेपटी दुसऱ्या कणाच्या रिकाम्या जागेवर टेकते आणि पूल तयार होतो. कणाची सगळी जागा आधीच भरलेली असेल, तर शेपटीला टेकायला जागाच मिळत नाही. उलट दोन्ही कणांवरच्या शेपट्या एकमेकींना दूर ढकलतात. १९६० च्या दशकात व्हिक्टर ला मेर आणि थॉमस हीली यांनी या पुलांचा सिद्धान्त मांडला: निम्म्याच्या आसपास पृष्ठभाग झाकलेला असताना गुठळ्या सर्वांत चांगल्या होतात. त्याहून जास्त पॉलिमर घातले, तर पाणी पुन्हा गढूळ होते आणि गढूळच राहते. जितके जास्त तितके चांगले हा समज इथे पूर्ण चुकीचा ठरतो.

थोडे आकडे मनात असू द्यावेत. पूर्ण झाकलेल्या पृष्ठभागावर चौरस मीटरमागे साधारण एक मिलिग्रॅम पॉलिमर बसते. केओलिनाइट प्रकारच्या चिकणमातीच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग दहा ते वीस चौरस मीटर भरतो. म्हणजे लिटरभर पाण्यात अशी एक ग्रॅम माती असेल, तर ती पूर्ण झाकायला दहा ते वीस मिलिग्रॅम आणि पूल बांधायला त्याच्या निम्मे पुरे. चिमटीत मावेल इतक्या पदार्थाने माठभर पाणी निवळते ते यामुळे.

वेगळे ठेवण्याच्या गुणाचे मोजमाप त्याहून जुने आहे. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण असलेली माणकासारखी लाल द्रावणे तयार केली होती. मीठ घातले की कण एकत्र येतात आणि लाल रंग निळसर होतो. रिचर्ड झिग्मोंडी यांनी १९०१ मध्ये यावरून सुवर्णांक ठरवला: सोन्याच्या ठरावीक द्रावणाचा रंग मिठापासून वाचवायला कमीत कमी किती मिलिग्रॅम रक्षक पदार्थ लागतो. जिलेटिन मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागात काम भागवते, बाभळीच्या जातीचा अरबी डिंक दहाव्या भागाच्या आसपास, आणि बटाट्याचा स्टार्च पंचवीस मिलिग्रॅमच्या घरात लागतो. साखळ्या सगळ्याच, पण धरून ठेवण्याची आणि पसरण्याची प्रत्येकीची ताकद वेगळी. झिग्मोंडींना १९२५ चे नोबेल मिळाले.

बल्लारपूर ते सुरजागड

वर्धा नदीच्या काठावर बल्लारपूरची कागद गिरणी उभी राहिली ती या जंगलातल्या बांबूच्या भरवशावर. बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली. मानवेल आणि कटांग बांबू शिजवून, त्यातले लिग्निन काढून टाकले की सेल्युलोजचे तंतू उरतात, एक ते तीन मिलिमीटर लांबीचे. जाळीवर पसरताना लगद्यात नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक पाणी असते. कागद पांढरा आणि अपारदर्शक व्हावा म्हणून त्यात खडू किंवा शंखजिऱ्याची पूड घालतात. तिचे कण दोन-चार मायक्रोमीटरचे, जाळीची भोके त्यांच्यापेक्षा कित्येक पटींनी मोठी. त्यांना कशाने धरले नाही, तर ते पाण्याबरोबर खाली निघून जातील.

तंतूवर ऋण भार असतो, पुडीच्या कणांवरही बहुधा तोच. आधुनिक कागद गिरण्या म्हणून धन भार जोडलेले पॉलिअॅक्रिलमाइड वापरतात, टनामागे काहीशे ग्रॅम. अशा एका साखळीचा रेणुभार एक कोटी धरला, तर तिच्यात सुमारे एक लाख चाळीस हजार कड्या असतात. पूर्ण ताणली तर ती पस्तीस मायक्रोमीटर भरेल, माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीइतकी. पाण्यात मात्र ती गुंडाळून मायक्रोमीटरपेक्षा लहान जागेत राहते. एक टोक तंतूवर, मधला भाग पुडीच्या कणावर, दुसरे टोक आणखी एका तंतूवर, असे तिचे काम. त्याच लगद्यात धन भार दिलेला स्टार्चही टनामागे पाच ते दहा किलो घालतात. तो तंतूंवर बसून त्यांच्यातले जोड मजबूत करतो. साधा स्टार्च घातला तर त्याचा मोठा भाग तंतूला चिकटतच नाही. तो सांडपाण्यात जातो, तिथे कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू संपवतो. म्हणजे साखळीवर थोडा धन भार आहे की नाही, यावर कागदाची मजबुती आणि नदीचे आरोग्य दोन्ही अवलंबून आहेत. अधिशोषणाचा अभ्यास पर्यावरणाचा अभ्यास कसा होतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचित सापडेल.

वर्धा खोऱ्यातल्या कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते, म्हणून तो धुण्याची पद्धत आली. धुतल्यावर उरणारे पाणी कोळशाची आणि मातीची बारीक पूड घेऊन काळे झालेले असते. ते स्वच्छ करून पुन्हा वापरायचे तर पूल बांधणारे पॉलिमर लागते, कोरड्या घन पदार्थाच्या टनामागे काही दहा ग्रॅम. इथे माती आणि कोळसा यांचे पृष्ठभाग अगदी निराळे आहेत. माती पाण्याला धरून राहते, कोळसा पाणी झटकतो. एकच साखळी दोघांवर सारखी बसत नाही, त्यामुळे माती किती आणि कोळसा किती यावर निवड बदलते.

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरात हेमटाइट हे लोहखनिज आहे. कमी प्रतीच्या हेमटाइटमधून वाळूसारखे क्वार्ट्झ वेगळे काढायला जगात अनेक ठिकाणी स्टार्च वापरतात. अल्कलीत शिजवलेला स्टार्च हेमटाइटच्या कणांवर घट्ट बसतो, क्वार्ट्झवर फारसा नाही. मग हवेचे बुडबुडे सोडले की योग्य रसायनाने माखलेले क्वार्ट्झ बुडबुड्यांबरोबर वर तरंगते आणि स्टार्चने झाकलेले हेमटाइट खाली राहते. रोजच्या भातातल्या पदार्थाला दोन खनिजांमधला फरक ओळखता येतो, कारण त्याच्या कड्यांवरचे हायड्रॉक्सिल गट लोहाच्या अणूंशी जुळतात. आरमोरी-नागभीड भागातल्या कोसा विणणाऱ्यांच्या ताण्याला दिलेली खळ हे त्याच गटांचे, वेगळ्या पृष्ठभागावरचे काम आहे.

प्रवाह आणि वेळ

पृष्ठभागावरची साखळी पाण्याबाहेरही महत्त्वाची ठरते. वितळलेले प्लास्टिक नळीतून जोराने ढकलले, तर एका मर्यादेनंतर ते भिंतीवरून घसरू लागते आणि बाहेर येणारा माल खरबरीत होतो. भिंतीला चिकटलेल्या साखळ्यांच्या मोकळ्या शेपट्या वाहत्या साखळ्यांत गुंतलेल्या असतात. ताण वाढला की एक तर चिकटलेल्या साखळ्या भिंतीवरून सुटतात, नाही तर त्या जागेवरच राहतात आणि गुंता सुटतो. या दोन शक्यतांवर बराच वाद होता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत योगेश जोशी, आशिष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी २००० साली दोन्ही शक्यतांना एकाच गणिती चौकटीत बसवणारे काम प्रसिद्ध केले. मराठी विद्यार्थ्याने हे मुद्दाम वाचावे. चिकटलेला भाग आणि मोकळा भाग यांचा हिशेब इथे रांगांच्या भाषेतून प्रवाहाच्या भाषेत येतो आणि तो आपल्याच राज्यात झालेला आहे.

वेळेचा मुद्दाही विसरता कामा नये. साखळी पृष्ठभागावर क्षणात पोहोचते, पण तिथे नीट पसरायला तिला मिनिटे, तास, कधी दिवस लागतात. आधी पोहोचलेल्यांना ऐसपैस जागा मिळते. त्या सपाट होतात आणि त्यांच्या कमानी लहान राहतात. उशिरा आलेल्या थोड्या संपर्कांवर उभ्या राहतात. लहान साखळ्या लवकर येतात, पण लांब साखळ्या सावकाश त्यांना हटवून जागा घेतात. म्हणून पॉलिमर कधी घातले, कुठे घातले आणि किती जोराने ढवळले, यावर परिणाम अवलंबून असतो. आधी जोरात ढवळून साखळ्या सगळीकडे पोहोचवायच्या, मग हळू ढवळून गुठळ्या वाढू द्यायच्या. शेवटपर्यंत जोरात ढवळले तर गुठळ्या फुटतात, आणि एकदा फुटलेल्या गुठळ्या पुन्हा तितक्या मोठ्या होत नाहीत, कारण मोकळ्या शेपट्या तोवर आपल्याच कणावर आडव्या झालेल्या असतात.

हे पुस्तक कसे वाचावे

बारावीपर्यंतचे रसायन आणि थोडे घातांकाचे गणित येणाऱ्या कोणालाही हे पुस्तक वाचता यावे, असा प्रयत्न केला आहे. डोळ्यांपुढे आहेत ते गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी. हे विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीत सुरू झाले, तेव्हापासून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांना आपल्या परिसराशी जोडलेले विज्ञान शिकण्याची सोय जवळ आली आहे. पहिल्या भागात एकट्या साखळीचे गणित आहे, दुसऱ्यात साखळ्यांची गर्दी, तिसऱ्यात दोन पृष्ठभागांमधले पूल आणि भिंती, चौथ्यात प्रवाह. गणित जड वाटले तर आधी शेवटचे प्रयोग करून मागे यावे. सहा सारख्या काचपात्रांत तलावाचे किंवा बोडीचे गढूळ पाणी घ्यायचे, प्रत्येकात निवळीचा अर्क वाढत्या मात्रेने घालायचा, सगळी पात्रे सारखी ढवळायची आणि कुठले आधी निवळते ते नोंदवायचे. मात्रा वाढवत गेल्यावर एका जागी उत्तम निकाल येतो आणि पुढे तो बिघडतो. हा आलेख विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने काढला की पूल आणि झाकण यांचा सिद्धान्त त्याचा स्वतःचा होतो.

हे प्रयोग नव्याने सुचलेले नाहीत. १९५८ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या आणि आज नीरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतल्या संशोधकांनी साठच्या दशकातच नैसर्गिक बहुवारिकांची तुरटीला जोड म्हणून तपासणी केली होती. सावधगिरीच्या तीन गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. निवळलेले पाणी जंतुमुक्त नसते. ते उकळलेच पाहिजे किंवा त्यात क्लोरीन घातलेच पाहिजे, आणि बीचा अर्क घातलेले पाणी साठवून ठेवू नये. निवळीच्या कुळातलेच काजऱ्याचे झाड जहाल विषारी आहे. जाणकाराकडून ओळख पटवल्याशिवाय बी वापरू नये. तिसरी गोष्ट कृत्रिम पॉलिमरची: पॉलिअॅक्रिलमाइड स्वतः निरुपद्रवी मानले जाते, पण त्यात उरलेला सुटा अॅक्रिलमाइड मज्जासंस्थेला घातक असतो. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. कमीत कमी मात्रा शोधणे हे म्हणून आरोग्याचेही काम आहे.

डिंकाची किंमत

शेवटी, हा विषय याच दोन जिल्ह्यांत का शिकावा, याचे माझे कारण सांगतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू स्वतः विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात आला. त्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपानांचा व्यवहार आपल्या हाती घेतला. वनोपज कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले. त्याची किंमत कशावरून ठरते, या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात आहे.

धावड्याचा डिंक जगाच्या बाजारात घट्टी गम म्हणून जातो, कारण त्याच्या साखळ्या तेलाच्या थेंबांच्या पृष्ठभागावर बसून त्यांना पाण्यात वेगळे ठेवतात. कुलूचा डिंक कराया गम म्हणून जातो. कवळी हिरड्यांवर बसवण्याच्या चिकटद्रव्यातही तो असतो. गोळा करणाऱ्याला दर मिळतो तो रंग आणि स्वच्छता पाहून. शेवटचा खरेदीदार मात्र पैसे मोजतो ते अधिशोषणाच्या गुणासाठी. कुठल्या महिन्यात काढलेल्या डिंकाच्या साखळ्या जास्त लांब असतात, घाव किती खोल घातला म्हणजे झाडही जगेल आणि डिंकाचा गुणही राहील, साठवणुकीत ओल लागली तर थेंब धरण्याची ताकद किती घटते, हे सगळे प्रश्न महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत मोजून सोडवता येतात. तेलाचे ठरावीक माप, पाण्याचे ठरावीक माप, मोजलेला डिंक आणि घड्याळ एवढे पुरते.

ही मोजणी गावातल्या मुलाने केली आणि तिचे आकडे ग्रामसभेच्या वहीत उतरले, तर व्यापाऱ्याशी बोलताना दोन्ही बाजूंना सारखीच माहिती असेल. पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाने यांपैकी एक तरी मोजणी करावी आणि निकाल आपल्या गावाला सांगावा, एवढी या प्रस्तावनेची मागणी आहे.